गिअर्सची शॉटगन आणि झिरो माइलचा पिंग

'गिअर्स ऑफ वॉर: ई-डे' हा शूटर खेळ जून २०२४ मध्ये एक्सबॉक्सच्या कार्यक्रमात जाहीर झाला आणि पुढे २०२६ साठी ठरला. पहिल्या गिअर्सच्या चौदा वर्षं आधीचा काळ, तरुण मार्कस आणि डॉम हे नायक, आणि जमिनीखालून लोकस्ट हे शत्रू वर येतात तो पहिला दिवस. व्हँकुव्हरच्या द कोॲलिशन स्टुडिओबरोबर पोलंडची पीपल कॅन फ्लाय ही कंपनी काम करते आहे, इंजिन अनरियल ५. ट्रेलरवर खूप लिहून झालंय, त्यात भर घालत नाही. कथेची काळजी नाहीच, ती नागपुरात चालेल तशीच सिॲटलमध्ये चालेल. काळजी आहे ती ऑनलाइन व्हर्ससची, म्हणजे खेळाडू विरुद्ध खेळाडू सामन्यांची. गिअर्समध्ये पिंगचा, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन-येऊन होणाऱ्या उशिराचा, फटका बाकी शूटरपेक्षा जास्त बसतो, आणि नागपुरात बसून तो फटका किती बसणार याचा हिशोब पैसे भरायच्या आधी घरबसल्या करता येतो.

गिअर्सचं व्हर्सस म्हणजे नॅशर ही शॉटगन. लान्सर, स्नायपर, बाकी बंदुका आहेत, पण सामन्याचा निकाल दोन हातांच्या अंतरावर, भिंतीला आपटत-सरकत चालणाऱ्या शॉटगनच्या झटापटीत लागतो. लांबून गोळ्या झाडायच्या शूटरमध्ये ऐंशी मिलिसेकंदांचा उशीर चालून जातो, कारण समोरचा पडद्यावर बोटभर असतो आणि फार हलत नाही. इथे तो तुमच्या नाकासमोरून आडवा जातो. सेकंदाला पाच मीटरचा वेग धरा. ऐंशी मिलिसेकंदांत तो चाळीस सेंटिमीटर सरकला, म्हणजे जवळजवळ अंगाची रुंदी. तुम्ही ट्रिगर दाबता तेव्हा पडद्यावर तो जिथे दिसतो, तिथे सर्व्हरच्या हिशोबाने तो नसतोच.

या दुखण्याचा इतिहास जुना आहे. नोव्हेंबर २००६ मध्ये पहिला गिअर्स एक्सबॉक्स ३६० वर आला तेव्हा चार विरुद्ध चार सामन्यात आठांपैकी एकाचाच कन्सोल सर्व्हरचं काम करायचा. तो होस्ट. त्याला पिंग शून्य. बाकी सातांच्या गोळ्या आधी त्याच्या घरी जाणार, तिथे ठरणार, मग परत येणार. होस्टची शॉटगन म्हणून जे म्हटलं जायचं ते हेच: त्याने दाबलं की लागलं, आणि बाकीच्यांना पळणाऱ्याच्या पुढे नेम धरावा लागायचा. २००८ च्या दुसऱ्या भागात होस्टची पद्धत तीच राहिली, वर सुरुवातीला सामना जुळायलाच लोक ताटकळत बसायचे. सप्टेंबर २०११ मध्ये तिसरा भाग आला, त्यात स्वतंत्र सर्व्हर आले आणि निदान एका खेळाडूच्या घरात सामन्याचं न्यायालय भरायचं बंद झालं. पण २०१९ च्या पाचव्या भागानेही पहिल्या दिवसांत सर्व्हरचे हाल पाहिलेच. म्हणून 'स्वतंत्र सर्व्हर आहेत' एवढ्या एका वाक्यावर खूश होऊ नका. पुढचा प्रश्न लगेच विचारायचा: कोणत्या शहरात?

काचेतून जाणारा प्रकाश आणि समृद्धी महामार्ग

नागपूरच्या झिरो माइलच्या खांबापाशी उभं राहून देशाच्या मध्यावर असल्याचं सुख मिळतं. नेटवर्कमध्ये त्याचा उपयोग शून्य. समुद्राखालच्या केबल मुंबई-चेन्नईला लागतात आणि मोठी डेटा सेंटरंही बहुतेक त्याच बाजूंना आहेत. आपण सगळ्यांपासून सारखेच लांब.

फायबरच्या काचेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर. फायबर अगदी त्याच्या कडेने टाकलंय असं धरलं तरी मुंबईला जाऊन यायला सात मिलिसेकंद. याच्या खाली कोणताही प्लॅन, कोणताही राउटर, कोणतीही 'गेमिंग' पाटी नेऊ शकत नाही. प्रत्यक्षात ऑपरेटरची वळणं, मधली उपकरणं धरून वीस ते तीसच्या दरम्यान आकडा दिसला तर लाइन चांगली समजा. चाळीसच्या वर गेला तर तुमचा ट्रॅफिक बहुतेक आधी दिल्ली किंवा हैदराबाद फिरून येतोय.

सिंगापूरचा हिशोब वेगळा. चेन्नई ते सिंगापूर ही आयटूआय केबल ३२०० किलोमीटरची आहे, त्यात नागपूर-चेन्नईचे अकराशे मिळवा. जाऊन-येऊन त्रेचाळीस मिलिसेकंद ही कागदावरची मर्यादा. हातात येतात पासष्ट ते ऐंशी. युरोपचा सर्व्हर मिळाला तर एकशे तीसच्या पुढेच, आणि तिथली वाट तांबड्या समुद्रातून जाते. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ केबल तुटल्या तेव्हा भारतातून पश्चिमेकडचा पिंग कसा वाढला होता ते आठवत असेल. त्यात तुमच्या केबलवाल्या भाऊचा काही दोष नव्हता.

खेळ मायक्रोसॉफ्टचा, त्यामुळे सर्व्हर त्यांच्याच ॲझ्युर या क्लाउड सेवेवर असतील ही अटकळ रास्त आहे. ॲझ्युरची भारतातली केंद्रं २०१५ पासून आहेत: पुणे, चेन्नई, मुंबई. पण देशात केंद्र असणं आणि त्या केंद्रात या खेळाचे सर्व्हर चालू ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी. खेळाडू कमी असले की कंपनी त्या शहरातले सर्व्हर उघडतच नाही, किंवा मॅचमेकिंग तुम्हाला दीड मिनिट थांबवून शेवटी सिंगापूरला पाठवतं.

अंतर मात्र आजच मोजून ठेवता येतं. ॲझ्युरच्या प्रत्येक केंद्रापर्यंतचा उशीर दाखवणारी फुकट पानं आहेत. एक्सबॉक्समध्ये एज ब्राउझर असतो. त्यातूनच ते पान उघडा, म्हणजे मोजमाप थेट कन्सोलवरून होतं. पुण्याला 'सेंट्रल इंडिया' म्हणतात, चेन्नईला 'साउथ इंडिया', सिंगापूरला 'साउथईस्ट एशिया'. ब्राउझरमधला आकडा खऱ्या पिंगपेक्षा थोडा जास्तच येतो, तेव्हा तो जसाच्या तसा धरू नका. केंद्रांमधला फरक बघा. दुपारी चारला एकदा आणि रात्री साडेनऊला एकदा, तीन दिवस. दुपारी पस्तीस आणि रात्री नव्वद दाखवत असेल तर ऑपरेटरची पुढची लाइन रात्री तुंबते, आणि त्यावर घरात काहीही करून उपयोग नाही.

रात्री दहाचं घड्याळ

नागपुरात रात्रीचे दहा वाजले की सिंगापुरात साडेबारा, दुबईत साडेआठ, रियाधमध्ये साडेसात. आपले लोक जेवून, आवरून कन्सोल लावतात तेव्हा पूर्वेकडचे झोपायला निघालेले असतात आणि आखातातले नुकते बसलेले. म्हणून आठ ते दहा पूर्वेकडचे सामने लवकर जुळतात आणि अकरानंतर पश्चिमेकडे ओढलं जाण्याचा संभव वाढतो. मॅचमेकिंगला प्रदेश निवडायची सोय असेल तर या वेळा लक्षात ठेवूनच निवडा. सोय नसेल तर ती मागायला हवी. माझ्या मते कातडी-रंग, भावमुद्रा असल्या दुकानदारीच्या आधी.

क्रॉसप्लेचा, म्हणजे वेगवेगळ्या यंत्रांवरच्यांनी एकत्र खेळण्याचा, वाद याच हिशोबात बसवून पाहा. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या 'गिअर्स ऑफ वॉर: रिलोडेड'मध्ये एक्सबॉक्स, प्लेस्टेशन ५ आणि पीसी एकत्र खेळतात. माउसवाल्यांशी कंट्रोलरने लढायला नको म्हणून पुष्कळ जण क्रॉसप्ले बंद करतात. अमेरिकेत ते परवडतं, तिथे नुसत्या एक्सबॉक्सवरचे लोक पुरेसे आहेत. इथे बंद केलंत तर समोर माउसवाला नसेल, पण सामना जुळायला दहा मिनिटं लागतील आणि जुळला तर दूरच्या खंडात. नॅशरच्या अंतरावर माउसचा फायदा तसाही कमी, तो जास्त दिसतो स्नायपर आणि लांब पल्ल्याला. भारतात क्रॉसप्ले चालू ठेवणंच शहाणपणाचं. सामना जुळतच नसेल तर एक्सबॉक्सच्या खाते-सेटिंगमधल्या गोपनीयतेच्या भागात 'संवाद आणि मल्टिप्लेअर' खाली क्रॉस-नेटवर्क खेळाची परवानगी चुकून बंद आहे का ते आधी बघा. मुलांच्या खात्यावर ती बरेचदा बंद असते.

आणखी एक गैरसमज इथेच काढून टाकू. 'माझा पिंग पंचवीस आहे, तरी भिंतीमागे गेल्यावर मरतो' ही तक्रार खरी असते. बहुतेक आधुनिक शूटरमध्ये सर्व्हर घड्याळ मागे फिरवून पाहतो की गोळी मारणाऱ्याला त्याच्या पडद्यावर त्या क्षणी काय दिसत होतं. समोरच्याचा पिंग १२० असेल तर त्याला तुम्ही भिंतीबाहेर दिसता तेव्हा तुमच्या पडद्यावर तुम्ही आत पोचलेले असता. म्हणजे दुसऱ्याच्या वाईट लाइनची किंमत चांगल्या लाइनवाला भरतो. यावर उपाय सर्व्हरच्या हाती: किती मागे फिरवायचं याला मर्यादा घालणं. ती किती ठेवलीय याचा अंदाज बीटात, म्हणजे आधीच्या चाचणी आवृत्तीत, येतो, म्हणून बीटा निघाला तर तो खेळा आणि भिंतीमागचे मृत्यू मोजा. जाहिरातीतले फ्रेम रेटचे आकडे नंतर बघू.

घरातली लाइन: आधी मोजा, मग खर्च करा

शूटर खेळायला डेटा फार लागत नाही. तासाला शंभर-दीडशे एमबीच्या आतबाहेर. त्यामुळे शंभर एमबीपीएसचा प्लॅन तीनशेचा केल्याने पिंग खाली येत नाही, फक्त डाउनलोड लवकर उरकतं. (तेही हवंच म्हणा: शंभर जीबीचा खेळ शंभर एमबीपीएसवर सव्वादोन तास घेतो, चाळीसवर साडेपाच तास.)

लॅपटॉप तारेने राउटरला जोडा, विंडोजची काळी खिडकी (कमांड प्रॉम्प्ट) उघडा आणि तीन ठिकाणी शंभर-शंभर पिंग टाका. आधी राउटरला, म्हणजे बहुतेक १९२.१६८.१.१. तारेवर इथे एक मिलिसेकंदाच्या आत उत्तर यायला हवं. मग वाय-फायवर तेच. सरासरी तीन-चार दिसेल, पण बघायचा तो 'मॅक्सिमम'चा आकडा. तो ऐंशी-शंभर दिसत असेल तर तुमची लढाई राउटर ते सोफा या वीस फुटांतच हरली आहे. तिसरं ८.८.८.८ ला, म्हणजे गूगलच्या सर्व्हरला. उत्तर वीस-तीसमध्ये आलं तर ठीक.

हे तिसरं मोजमाप चालू असतानाच घरातल्या कोणाला तरी फोनवरून एक मोठा व्हिडिओ चढवायला सांगा. इथे बहुतेक घरांची कळ निघते. पंचवीसचा पिंग दोनशेवर उडतो. कारण राउटर अपलोडची पाकिटं, म्हणजे डेटाचे तुकडे, लांबलचक रांगेत उभी करतो आणि तुमच्या शॉटगनचं बारीकसं पाकीट त्याच रांगेच्या शेवटी. याला बफरब्लोट म्हणतात. उपाय राउटरमधल्या 'स्मार्ट क्यू' किंवा एसक्यूएम या रांग आवरणाऱ्या सोयीचा: त्यात केक किंवा एफक्यू-कोडेल ही पद्धत निवडायची आणि वेग मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के ठेवायचा. अपलोड ९५ एमबीपीएस मोजला तर ८२ लिहा. पूर्ण ९५ लिहिलात तर रांग पुन्हा ऑपरेटरच्या यंत्रात लागते आणि सगळी मेहनत वाया. ऑपरेटरने दिलेल्या पेटीत ही सोय सहसा नसते. ओपनडब्ल्यूआरटी हे मोफत राउटर-सॉफ्टवेअर चालणारा राउटर घ्यावा लागतो. तेवढा खर्च करायचा नसेल तर नऊ ते बारा या वेळेत फोनचे फोटो-बॅकअप बंद ठेवा. फुकट उपाय आहे आणि निम्मं काम करतो.

पाकीट हरवण्याचं प्रमाणही त्याच शंभर पिंगमध्ये दिसतं. एक टक्का ऐकायला काहीच वाटत नाही. सर्व्हर सेकंदाला साठ वेळा बोलत असेल तर एक टक्का म्हणजे दर पावणेदोन सेकंदाला एक पाकीट चुकलं. फायबरवर खरं तर शून्य यायला हवं. येत नसेल तर राउटरच्या पानावर ऑप्टिकल पॉवरचा आकडा बघा: उणे वीसच्या आसपास उत्तम, उणे पंचवीसच्या खाली काळजी, उणे सत्तावीसच्या पलीकडे तक्रार. सिमेंट रोडच्या खोदकामात तुटलेलं फायबर घाईत जोडलेलं असतं किंवा खांबावर दुमडलेलं असतं. तक्रार करताना 'नेट स्लो आहे' म्हणू नका. स्पीड टेस्ट करून, ठीक आहे म्हणून माणूस परत जातो. 'भाऊ, ऑप्टिकल पॉवर उणे अठ्ठावीस येऊन राहिली, स्प्लायसिंग चेक करून द्या' म्हणा. मग तो मशीन घेऊन येतो.

राउटर ते कन्सोल तार टाकायची असेल तर बर्डीत (सीताबर्डीच्या बाजारात) कॅट-सिक्स केबल मीटरवर मिळते. आत शुद्ध तांबं आहे ना ते विचारा. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल वीस मीटरला कुरकुर करते आणि टोकं दाबताना तुटते. जोडल्यावर कन्सोलचा वेग नेमका ९४-९५ वर अडकलेला दिसला तर चारपैकी एखादी जोडी टोकाला बसलेली नाही आणि लाइन शंभरवर उतरली आहे. टोक कापून परत दाबा.

मॉडरेट, स्ट्रिक्ट आणि केबलवाला भाऊ

एक्सबॉक्सच्या नेटवर्क सेटिंगमध्ये 'टेस्ट नॅट टाइप' आहे. नॅट म्हणजे घरातल्या सगळ्या यंत्रांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे ठेवणं. उत्तर ओपन, मॉडरेट किंवा स्ट्रिक्ट. स्वतंत्र सर्व्हर असतील तर स्ट्रिक्टवरही सामना चालू शकतो, पण मित्राच्या पार्टीत आवाज न येणं, लॉबीत घुसता न येणं हे त्रास तिथूनच येतात.

आधी राउटरच्या पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, किंवा १० ने, तर ऑपरेटरने तुम्हाला शेकडो घरांबरोबर एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवलंय. याला सीजीनॅट म्हणतात. अशा वेळी राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करण्यात घालवलेली संध्याकाळ फुकट. दार तुमच्या घराचं उघडलं, सोसायटीचं गेट बंदच. दोन वाटा आहेत. राउटरमध्ये आयपीव्ही-६ ही नवी पत्तापद्धत चालू करा, एक्सबॉक्स ते वापरतो आणि बरेचदा तेवढ्यानेच मॉडरेटचं ओपन होतं. नाही तर ऑपरेटरला सरळ विचारा, 'पब्लिक आयपी भेटल का, महिन्याचे किती?' स्थानिक ऑपरेटर हे सहसा थोड्या जास्त पैशांत देतात.

सीजीनॅट नसेल आणि तरी 'डबल नॅट' दिसत असेल तर ऑपरेटरची पेटी आणि तुमचा राउटर दोघंही राउटरचंच काम करतायत. पेटी ब्रिज मोडवर टाकून घ्या, किंवा तुमचा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर. त्यानंतर यूपीएनपी (राउटरने गरजेचे पोर्ट आपोआप उघडणं) चालू करा. यूपीएनपी आणि ३०७४ पोर्टचं हाताने केलेलं फॉरवर्ड, दोन्ही एकत्र ठेवू नका, ते एकमेकांच्या पायात येतात. बदल केल्यावर कन्सोलचं बटण दहा सेकंद दाबून तो पूर्ण बंद करा; नुसत्या स्लीपमधून उठवलात तर जुनंच दार धरून बसतो. घरात दोन एक्सबॉक्स असतील तर दोघंही ३०७४ मागतात. एकावर ॲडव्हान्स्ड सेटिंगमधून पर्यायी पोर्ट निवडा.

डीएनएस बदलून पिंग कमी होत नाही. डीएनएस फक्त सामन्याआधी पत्ता शोधतं, गोळीबाराच्या वेळी त्याला कोणी विचारत नाही.

पिंगच्या नावाने खपणारा टीव्ही

मुंबईचा पिंग पंचवीस असूनही खेळ जड वाटत असेल तर संशयित समोर भिंतीवर टांगलेला आहे. साध्या पिक्चर मोडमध्ये बरेच टीव्ही चित्र सुधारण्यात साठ ते शंभर मिलिसेकंद खातात. गेम मोडला तेच दहा-वीसवर येतं. नागपूर ते सिंगापूर एवढा प्रवास तुमच्या दिवाणखान्यातच होतो! गेम मोड त्या-त्या एचडीएमआय इनपुटला वेगळा लागतो, म्हणून केबल दुसऱ्या खाचेत टाकली की तो गेला समजा. टीव्हीत १२० हर्ट्झची सोय असेल तर ती बहुतेक एक-दोन खाचांवरच असते. कन्सोलची तार तिथेच हवी. रिलोडेडचं मल्टिप्लेअर १२० फ्रेमपर्यंत चालतं, त्यामुळे तपासायला तोच खेळ वापरता येईल.

ऊन, कूलर, आणि वीज गेली तर

प्लेस्टेशन ५ साठी सोनीने ५ ते ३५ अंश ही तापमानाची मर्यादा दिली आहे आणि मागे-बाजूला दहा सेंटिमीटर मोकळी जागा सांगितली आहे. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस असताना बंद खोली पस्तीसच्या वरच असते. कूलर लावा, पण त्याचा झोत थेट कन्सोलवर नको. ओली हवा आणि धूळ मिळून आत चिखलाचा थर बसतो. कन्सोलइतकीच ऑपरेटरची पेटीही तापते, आणि ती बहुतेक घरांत टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात ठेवलेली असते. दुपारी चारला पाकिटं हरवतात आणि रात्री बाराला हरवत नाहीत असं दिसलं तर ती पेटी कप्प्याबाहेर काढा. कूलर आणि राउटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर असतील तर तेही वेगळे करा.

वीज गेल्यावर कन्सोल इन्व्हर्टरवर टिकतो की नाही हे इन्व्हर्टरच्या मागच्या बटणावर आहे. तिथे इको आणि यूपीएस असे दोन मोड असतात. इकोमध्ये बदलायला लागणारा क्षण कन्सोलला जास्त होतो, तो बंद पडतो. यूपीएस मोडमध्ये सहसा तगतो. कन्सोल खेळताना दोनशे वॉटच्या आसपास घेतो, त्यात टीव्ही मिळवा आणि पंख्यांचा हिशोब करा. राउटरला मात्र स्वतःचा छोटा बारा व्होल्टचा यूपीएस द्याच. अडॅप्टरवर दीड अँपिअर लिहिलं असेल तर दोनचा घ्या, आणि दोन पेट्या असतील तर दोन पिना असलेला. कन्सोल वाचला आणि राउटर पुन्हा सुरू व्हायला तीन मिनिटं गेली तर रँक्ड सामना सोडल्याचा दंड तुमच्याच नावावर.

पैसे कधी भरायचे

प्रीऑर्डर करू नका. ई-डे पहिल्या दिवसापासून गेम पासवर (एक्सबॉक्सच्या मासिक वर्गणीत) असेल असं जाहीर झालेलं आहे. ऑक्टोबर २०२५ च्या बदलांनंतर पहिल्या दिवशीचे खेळ कन्सोलवर अल्टिमेट या वरच्या वर्गणीत येतात, खालच्या इसेन्शियल किंवा प्रीमियमवर भरवसा ठेवू नका. एक महिन्याचं अल्टिमेट घ्या. वेगळा विकत घेतलात तरी ऑनलाइन खेळायला निदान इसेन्शियल लागेलच, हे बजेटमध्ये धरा. एक्सबॉक्सवर डिजिटल परतीसाठी चौदा दिवसांची मुदत असते, तीही फारसं खेळलेलं नसेल तर.

पहिल्या आठवड्यात लाँचची गर्दी असते. तेव्हाचे जुळणारे सामने आणि तेव्हाचे कोसळणारे सर्व्हर, दोन्ही खोटं चित्र दाखवतात. निकाल तिसऱ्या आठवड्यात लावा. मंगळवार किंवा बुधवार, रात्री साडेनऊ, क्रॉसप्ले चालू, फोनचे बॅकअप बंद. सलग पाच सामने. प्रत्येक सामना जुळायला किती सेकंद लागले ते लिहा. स्कोअरबोर्डवर पिंग दिसत असेल तर तो लिहा. दिसत नसेल तर सामना चालू असताना राउटरमधल्या चालू जोडण्यांची यादी उघडा, कन्सोलच्या नावावर सगळ्यात जास्त यूडीपी पाकिटं ज्या पत्त्याशी चालली आहेत तो सर्व्हर. त्याला पिंग टाकलात तर ॲझ्युरचे सर्व्हर बरेचदा उत्तर देत नाहीत, तेव्हा ट्रेसरूट (वाटेतल्या टप्प्यांची यादी) करा आणि शेवटच्या दिसणाऱ्या टप्प्याचं नाव वाचा. त्यात विमानतळाची तीन अक्षरं दडलेली असतात: मुंबईला बीओएम, चेन्नईला एमएए, सिंगापूरला एसआयएन.

पाचपैकी चार सामने दोन मिनिटांत जुळले आणि पन्नासच्या आत राहिले, तर खुशाल घ्या. ऐंशीच्या आसपास असेल तर नॅशर घेऊन अंगावर धावण्यापेक्षा आडोशामागून लान्सर चालवा आणि समोरच्याला तुमच्याकडे येऊ द्या. येणारा सरळ रेषेत येतो, त्याला पकडायला पिंग कमी लागतो. एकशे वीसच्या पुढे असेल तर व्हर्सस सोडून होर्ड असेल तर ते खेळा. दुसऱ्या भागात पाच जण आणि पन्नास लाटा अशी सुरू झालेली ही पद्धत आहे, समोर माणूस नसतो, आणि लोकस्ट तुमचा पिंग बघून कोपऱ्यावरून आडवे उडी मारत नाहीत. चार मित्र नागपुरातलेच गोळा केलेत तर आवाजही वेळेवर पोचतो.